किती नग, किती वजन

आपल्या मराठीत 'किती' हा शब्द फार सोयीचा आहे. घरी बैल किती? गाईचे दूध किती? विहिरीला पाणी किती? लग्नाला माणसे किती? सगळीकडे हा एकच शब्द चालतो. ऐकणाऱ्याला आपोआप कळते, की बैलांचा आकडा सांगायचा आणि दुधाचे माप सांगायचे. हे कळण्यासाठी कोणाला शाळेत जावे लागत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्याला मात्र एक शब्द पुरत नाही. त्याच्याजवळ 'किती' साठी दोन जोड्या आहेत. बैल विचारायचे असतील तर तो म्हणतो 'हाऊ मेनी'. दूध विचारायचे असेल तर म्हणतो 'हाऊ मच'. 'मेनी' म्हणजे संख्येने किती, 'मच' म्हणजे मापाने किती. तोंड उघडण्याआधीच त्याला ठरवावे लागते, की ही वस्तू मोजायची आहे की मापायची. आजच्या पाठात हेच शिकायचे आहे.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आत्ताच कुठे मराठी अक्षरे ओळखीची झाली, इंग्रजीचे हे कशाला?" विचारणे रास्त आहे. पण इंग्रजी तुमच्या घरात आलेली आहे. युरियाच्या कट्ट्यावर ती आहे. बियाण्याच्या पाकिटावर, धर्मकाट्याच्या चिठ्ठीवर, बँकेच्या कागदावर ती आहे. शिवाय सन २००० पासून आपल्या महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. नातवंडाच्या वहीत 'मेनी' आणि 'मच' यांचे प्रश्न असतात. लेकरू वही घेऊन आजोबांकडे येते आणि आजोबा छपराकडे पाहतात. सगळी इंग्रजी शिकायला आपल्याला सवड नाही. पण ही एक गोष्ट समजली तर वहीतही उपयोग आहे आणि बाजारात त्याहून जास्त.

वस्तूच्या, माणसाच्या किंवा गुणाच्या नावाला व्याकरणात नाम म्हणतात. इंग्रजीत नामांचे दोन गट आहेत. ज्यांची एक, दोन, तीन अशी मोजणी होते ती 'काउंटेबल', म्हणजे मोजायची नामे. ज्यांची तशी मोजणी होत नाही ती 'अनकाउंटेबल'. त्यांना आपण मापायची नामे म्हणू.

ओळखायचे कसे? एक सोपी कसोटी सांगतो. वस्तूचे मनातल्या मनात दोन भाग करा. दुधाच्या लोट्यातले अर्धे दूध दुसऱ्या भांड्यात ओतले, तर लोट्यातही दूधच आणि भांड्यातही दूधच. नाव बदलले नाही. म्हणून दूध हे मापायचे नाम. आता बैलाचे दोन भाग करा म्हटले तर तुम्हीच माझ्या अंगावर धावून याल. अर्धा बैल हा बैल नव्हे. म्हणून बैल हे मोजायचे नाम. मीठ, तेल, माती, पाऊस, धूर यांना पहिली कसोटी लावून पाहा. खुर्ची, विळा, शेळी, झाड यांना दुसरी लावून पाहा.

इंग्रजीत मोजायच्या नामाला दोन खुणा असतात. एकच वस्तू असेल तर नामाच्या आधी बहुधा 'अ' किंवा 'ॲन' असा छोटा शब्द येतो. त्याचा अर्थ 'एक' असाच धरा. अनेक वस्तू असतील तर नामाच्या शेवटी बहुधा 'स' किंवा 'झ' असा आवाज जोडतात. 'अ बॅग' म्हणजे एक पिशवी, 'बॅग्ज' म्हणजे पुष्कळ पिशव्या. मापायच्या नामाला यातले काहीच लागत नाही. 'अ मिल्क' म्हणत नाहीत, 'मिल्क्स' ही म्हणत नाहीत. नुसते 'मिल्क'. हाताशी वाटी असो की टँकर असो, ते 'मिल्क'च राहते.

हे वाचून असे वाटू देऊ नका, की ही काही साहेबाची नवलाई आहे. आपल्या बोलण्यात हा भेद पूर्वीपासून आहे, फक्त आपले तिकडे लक्ष नसते. सुपात घेऊन निवडायला बसलेली बाई 'तांदूळ निवडले' म्हणते. 'निवडले' म्हणजे अनेक झाले. दाणा न् दाणा तिच्या बोटाखालून गेलेला असतो. पण तेच तांदूळ शिजले की ती 'भात झाला' म्हणते. आता ते एक झाले. 'ज्वारी निवडली' म्हणतो, 'ज्वाऱ्या निवडल्या' असे कोणी म्हणत नाही. गव्हाची तर गंमतच आहे. घरात बाई 'गहू निवडले' म्हणते आणि बाजारात बापा 'गहू महागला' म्हणतो. वस्तू तीच. घरी ती दाण्यादाण्याने दिसली, बाजारात रास म्हणून दिसली. इंग्रजीने मात्र गहू आणि तांदूळ दोन्ही राशीत टाकले. 'व्हीट', 'राईस', दोन्ही मापायची नामे. इंग्रजीत तांदूळ आणि भात दोहोंनाही 'राईस'च म्हणतात. आपली भाषा येथे अधिक बारकाईने पाहते, असे माझे मत आहे.

आणि इंग्रजीतही सगळे एका नियमाने चालते असे समजू नका. गहू मोजायचा नाही. पण शेंगदाणे मोजायचे, 'ग्राउंडनट्स'. घेवड्याचे दाणे मोजायचे, 'बीन्स'. आपल्याकडे घरोघरी पेरले जाते ते सोयाबीनही त्यांच्या हिशेबाने मोजायचेच. मोठा दाणा मोजायचा, बारीक दाणा मापायचा, असा काहीसा रिवाज पडला आहे. पण नेमके कुठपर्यंत बारीक, याचे उत्तर कोणी देत नाही. भाषेत असे असायचेच. तेथे फार तर्क करू नये, सवय करावी.

आता एका गोष्टीवर वर्गात नेहमी वाद होतो. तो वाद चांगला आहे म्हणून सांगतो. मी फळ्यावर लिहितो, की 'मनी' म्हणजे पैसा हे मापायचे नाम आहे. लगेच मागून एक आजीबाई म्हणतात, "काहून गुर्जी? पैसे तं आमी रोजच मोजतो. पैसे नाई मोजले तं घर कसं चालंन?"

आजीचा प्रश्न बिनतोड आहे. मी त्यांना म्हणतो, "आजी, मोजून दाखवा बरं." आजी कमरेची पिशवी काढतात, नोटा पुढे करतात आणि मोजतात, "एक, दोन, तीन..." मी विचारतो, "तीन काय झाले?" आजी म्हणतात, "तीन नोटा." "आणि किती रुपयांच्या?" "दोन पन्नासच्या अन् एक शंभराची. दोनशे रुपये."

येथेच उत्तर मिळते. आजींनी नोटा मोजल्या. रुपये मोजले. इंग्रजीतही 'नोट्स' मोजतात, 'रुपीज' मोजतात. पण नोटा, नाणी, रुपये, सगळे मिळून जे होते त्या एकंदर धनाला ते 'मनी' म्हणतात. ते धन आहे, नग नव्हे. त्यामुळे 'वन मनी, टू मनी' असे होत नाही. आपल्या 'पैसा' या शब्दात दोन्ही अर्थ एकत्र राहिले आहेत. पैसा हे एक नाणे होते. १ एप्रिल १९५७ च्या आधी असे ६४ पैसे मिळून एक रुपया होई. त्या दिवसापासून शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. तो पैसा मोजायचा. पण "त्याच्याजवळ पैसा आहे" म्हणतो तेव्हा तो पैसा मोजायचा नसतो. तो 'मनी' होय.

बँकेत पैसे भरण्याचा कागद पाहा. त्यावर तीन रकाने असतात. पहिल्यात नोट केवढ्याची ते छापलेले असते. दुसऱ्यात अशा नोटा किती ते आपण लिहितो. तिसऱ्यात रक्कम लिहितो. समजा पाचशेच्या ७ नोटा आहेत. रक्कम ३५०० झाली. शंभराच्या १२, रक्कम १२००. पन्नासच्या ४, रक्कम २००. एकूण ४९०० रुपये. नोटा किती? २३. दुसरा रकाना मोजायचा आहे, तिसरा मापायचा आहे. इंग्रजी कागदावर तिसऱ्या रकान्याला 'अमाउंट' हा शब्द असतो. दुसऱ्याला बहुधा 'नंबर' किंवा त्याचे आखूड रूप असते. २३ हा आकडा रकमेत लिहिला तर काय होईल ते तुम्ही जाणता. म्हणून हे दोन शब्द पाठ करा. 'नंबर' म्हणजे नग, 'अमाउंट' म्हणजे एकूण माप किंवा रक्कम.

मग मापायच्या वस्तू इंग्रजीत मोजायच्याच नसतात का? असतात. पण त्यांना आधी भांड्यात घालावे लागते. भांडे मोजायचे. दूध मोजता येत नाही, पेला मोजता येतो. युरिया मोजता येत नाही, कट्टा मोजता येतो. आपण म्हणतो, "युरियाचे दहा कट्टे." इंग्रजीत शब्द उलट्या क्रमाने येतात: 'टेन बॅग्ज ऑफ युरिया'. आधी दहा, मग बॅग्ज, मग 'ऑफ' म्हणजे 'चे', आणि शेवटी युरिया. अनेकाची खूण कोठे लागली पाहा. ती 'बॅग' ला लागली. युरियाला लागली नाही.

आणि आता या धड्यातली सगळ्यांत कामाची गोष्ट. भांडे मोजले म्हणजे माल मोजला असे होत नाही.

युरियाचेच पाहा. पुष्कळ वर्षे युरियाचा कट्टा ५० किलोचा येत असे. २०१८ पासून तो ४५ किलोचा झाला. कट्टा तसाच दिसतो. रचला तर थप्पी तशीच दिसते. ज्याच्या डोक्यात "एकराला दोन कट्टे" असा जुना हिशेब बसला आहे तो आजही दोन कट्टेच टाकतो. पण पूर्वी त्याच्या वावरात १०० किलो पडत होते, आता ९० किलो पडतात. युरियात शंभराला ४६ भाग नत्र असते. म्हणजे पूर्वी एकराला ४६ किलो नत्र मिळे, आता ४१ किलो ४०० ग्रॅम मिळते. पिकाला कट्टे मोजता येत नाहीत. त्याला जेवढे नत्र मिळेल तेवढे ते घेते. उलट डीएपीचा कट्टा ५० किलोचाच आहे. दोन्ही कट्टे एका बंडीत शेजारी शेजारी ठेवले तर नग सारखे, वजन वेगळे.

म्हणून कट्टा घेताना त्यावर 'नेट' हा शब्द शोधा. त्याच्यापुढे आकडा असतो आणि आकड्यापुढे किलोची खूण. 'नेट' म्हणजे निव्वळ, पिशवीचे वजन सोडून आतल्या मालाचे. दुकानदार पावतीवर 'बॅग्ज' लिहितो, ते नग. खत शेताला किती लागते ते मात्र किलोने सांगितलेले असते. कृषी सहायकाने "एवढे किलो खत" म्हटले, तर त्याचे कट्टे आपण करायचे असतात, आणि तेथे ४५ ने भागायचे की ५० ने, हे कट्ट्यावर वाचल्याशिवाय कळत नाही. बी. टी. कपाशीच्या पाकिटाचेही तसेच. आपण पाकिटे मोजतो, आत बी ४७५ ग्रॅम असते. दुकानातल्या पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याचेही तेच. पुडा पाचचाच राहिला आणि आतली बिस्किटे कमी झाली, हे लेकरांनी केव्हाच ओळखले आहे. बांधून विकायच्या मालावर आत माल किती आहे हे छापणे कायद्याने भाग आहे. मापायच्या मालाचे वजन किंवा माप, मोजायच्या मालाची संख्या. आडव्या, उभ्या, बारीक अक्षरात का होईना, ते असते.

आता कापूस. आपला वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारातसुद्धा हिंगणघाट याच नावाने ओळखला जाई. इंग्रजीत कापसाला 'कॉटन' म्हणतात आणि ते मापायचे नाम आहे. बोंड मोजता येते, झाड मोजता येते. कापूस तोलावा लागतो. पण येथे इंग्रजी फार कंजूस आहे. आपण वावरात उभी असते तिला पऱ्हाटी म्हणतो. वेचून आणतो तो कापूस. सरकी काढली की रुई. या सगळ्याला त्यांच्याकडे बहुधा 'कॉटन'च. सुती कापडही 'कॉटन'. त्यामुळे कागदावर 'कॉटन' वाचले तर कापूस की रुई, हे आजूबाजूचे शब्द पाहून ठरवावे लागते. 'बेल' असा शब्द शेजारी असेल तर ती रुई, कारण 'बेल' म्हणजे दाबून बांधलेली गाठ. आपल्या देशात अशी एक गाठ १७० किलोची धरतात. एक गाठ भरायला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. 'गाठी' मोजायच्या, रुई तोलायची.

आजकाल पुष्कळ शेतकरी कापूस मोकळाच गाडीत भरून नेतात. तेथे कट्टे नाहीत, नग एकच, तो म्हणजे गाडी. धर्मकाट्यावर भरलेली गाडी तोलतात. माल उतरल्यावर रिकामी गाडी तोलतात. चिठ्ठीवर तीन इंग्रजी शब्द येतात. 'ग्रॉस' म्हणजे मालासकट गाडी. 'टेअर' म्हणजे रिकामी गाडी. 'नेट' म्हणजे निव्वळ माल. उदाहरण घ्या. 'ग्रॉस' पुढे ३२४० किलो आहे. 'टेअर' पुढे १८९० किलो आहे. वजा करा. 'नेट' पुढे १३५० किलो यायला हवे, म्हणजे १३ क्विंटल ५० किलो. ही वजाबाकी काट्याजवळच, चिठ्ठी हातात असताना करावी. गाडी गावाला निघाल्यावर केलेली वजाबाकी घरी सांगण्यापुरती उरते. आणि रिकामी गाडी तोलताना पहिल्या वेळी गाडीत बसलेले पोट्टे दुसऱ्या वेळीही बसले होते की उतरले होते, तेही पाहावे. पहिल्यांदा उतरलेले पोट्टे दुसऱ्यांदा गाडीत चढले, तर त्यांच्या वजनाइतका कापूस आपल्या हिशेबातून गेला.

मोजणे आणि मापणे एकत्र कसे नांदतात हे पाहायचे असेल तर सूत पाहावे. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. तेच आजचे सेवाग्राम. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षणाची परिषद भरली आणि हाताच्या कामातून मातृभाषेत शिक्षण द्यावे असे तेथे ठरले. त्या शिक्षणात मुले टकळीवर, चरख्यावर सूत काढीत आणि त्यातूनच गणित शिकत. सूत हे मापायचे. इंग्रजीत 'यार्न', त्याला 'अ' लागत नाही. पण सूत परेत्यावर गुंडाळले की त्याचे तार होतात. तार मोजता येतात. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लटींची एक गुंडी, म्हणजे ६४० तार. गुंडी म्हणजे इंग्रजीत 'हँक', मोजायचे नाम. आता गुंडी १००० मीटरची धरतात.

मग सूत जाड की बारीक, हे कसे सांगायचे? गुंड्या मोजायच्या आणि वजन तोलायचे. ठरलेल्या वजनात जितक्या जास्त गुंड्या बसतील तितके सूत बारीक. गिरणीच्या जुन्या हिशेबात ८४० वारांची एक 'हँक' धरीत आणि एका पौंडात अशा जितक्या बसतील तो सुताचा नंबर. वीस नंबरी सूत म्हणजे पौंडात वीस. नुसते मोजून नंबर कळत नाही, नुसते तोलूनही कळत नाही. दहा वर्षांचे पोर हे करी, मग मोठ्यांना का येऊ नये?

येथपर्यंत नियम सांगितले. आता ते मोडतात कोठे, तेही पाहू.

चहाच्या टपरीवर आपण म्हणतो, "दोन चहा द्या." चहा हे मापायचे नाम, तरी आपण मोजले. का? मनात कप आहेत म्हणून. इंग्रजीतही असेच 'टू टीज' म्हणून मागतात. भांडे बोलून न दाखवता मोजलेले असते. आपले शेतकरी तर पाणीसुद्धा मोजतात. "गव्हाला चार पाणी दिले." पाणी चार नव्हेत, पाणी देण्याच्या वेळा चार. हे इंग्रजीत जसेच्या तसे नेता येत नाही. 'फोर वॉटर्स' म्हटले तर त्याला भलतेच काही वाटेल. तेथे पाणी देण्याच्या पाळ्या मोजाव्या लागतात.

काही नामे तर दोन्ही गटांत आहेत. अर्थ मात्र बदलतो. 'ग्लास' म्हणजे काच, ती मापायची. 'अ ग्लास' म्हणजे पाणी प्यायचा पेला, तो मोजायचा. 'आयर्न' म्हणजे लोखंड. 'ॲन आयर्न' म्हणजे कपड्यांची इस्त्री. 'पेपर' म्हणजे कागद. 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा परीक्षेचा पेपर. एवढ्याशा 'अ' ने केवढा फरक केला! 'वर्क' म्हणजे काम, ते मापायचे. पण रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी खात्याला आपण पी. डब्ल्यू. डी. म्हणतो, त्यातला 'डब्ल्यू' हा 'वर्क्स' चा. तेथे त्याला अनेकाची खूण लागली, कारण तेथे 'वर्क्स' म्हणजे बांधकामे.

आता उरली ती नामे जी आपल्याला मोजायची वाटतात आणि इंग्रजीत मापायची असतात. शाळेत मुलांचे गुण येथेच जातात. आपण म्हणतो, "केस पांढरे झाले." इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर', एकच. ते कोण मोजत बसणार, असा त्यांचा विचार असावा. आपण "दोन सल्ले" देतो. त्यांचा 'ॲडव्हाईस' मोजता येत नाही. आपण भाकरी मोजतो. त्यांची पावरोटी, 'ब्रेड', मोजायची नाही, तिचे काप मोजायचे. आपण बातम्या ऐकतो. त्यांचे 'न्यूज' शेवटी 'झ' असूनही एकच आणि मापायचे. त्या शेवटच्या आवाजाने फसू नका. उलट, 'इन्फर्मेशन' म्हणजे माहिती आणि 'लगेज' म्हणजे सामान, ही दोन मराठीसारखीच आहेत. आपणही 'माहित्या' म्हणत नाही आणि 'दोन सामान' म्हणत नाही. वर्धा स्टेशनावर हमाल विचारतो, "सामान किती?" आणि आपण म्हणतो, "तीन डाग." पाहा, सामान मापायचे, डाग मोजायचे. नियम तुम्ही आधीपासून पाळतच होता.

'थोडे' या शब्दाचीही इंग्रजीत दोन रूपे आहेत. मोजायच्या वस्तू थोड्या असतील तर 'अ फ्यू', मापायची वस्तू थोडी असेल तर 'अ लिटल'. थोड्या नोटा, 'अ फ्यू नोट्स'. थोडे दूध, 'अ लिटल मिल्क'. 'पुष्कळ' साठी मात्र 'अ लॉट ऑफ' असे म्हटले की दोन्हीकडे चालते. नातवाला अडचण आली तर हे सांगून ठेवा.

अभ्यास

घरी एखादा रिकामा किंवा भरलेला खताचा कट्टा असेल तर तो उजेडात आणा. त्यावर 'नेट' हा शब्द शोधा आणि पुढचा आकडा वहीत उतरवा. मग असे दहा कट्टे घेतले तर माल किती किलो, ते काढा.

जुन्या हंगामातली काट्याची चिठ्ठी घरात ठेवली असेल तर तीही काढा. 'ग्रॉस' मधून 'टेअर' वजा करून 'नेट' जुळते का पाहा.

पुढील नामांपुढे 'मेनी' लागेल की 'मच', ते लिहा: शेळी, तूप, बोंड, सरपण, विळा, पाऊस, रुपया, मीठ, गाठ, रुई. शेजारच्या माणसाचे उत्तर वेगळे आले तर लगेच खोडू नका. आधी अर्धे करण्याची कसोटी लावा आणि दोघांनी मिळून ठरवा. 'सरपण' लिहिताना वाद होईल, कारण मोळी मोजता येते. ज्याने सरपणाला 'मच' आणि मोळीला 'मेनी' लिहिले, त्याचे बरोबर.